बॅनरमागची लखलख : कॉम्प्युटरवर उजेड कसा तयार होतो आणि अक्षरं त्यात कुठं हरवतात

बेळगाव : गणेशोत्सव महिन्यावर आला की डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात बसायला जागा नसते. मंडळाचे दोघे-तिघे कार्यकर्ते डिझाईन करणाऱ्या पोराच्या खुर्चीमागं उभे असतात. मूर्तीचा फोटो मोबाईलमध्ये असतो, नावांची यादी कागदावर असते, आणि मागणी ठरलेली असते : "मागं जरा लखलख पाहिजे बघा."

पोराकडं वेळ नसतो. तो कुठून तरी उतरवून ठेवलेलं निळं-जांभळं, भोवऱ्यासारखं फिरणारं बॅकग्राऊंड उचलतो आणि मूर्तीमागं टाकतो. तेच बॅकग्राऊंड चार दिवसांनी एखाद्याच्या वाढदिवसाला लागतं आणि पुढच्या महिन्यात भावपूर्ण श्रद्धांजलीलाही. स्क्रीनवर सगळं झकास दिसतं. बॅनर छापून आला की निळं मळकट जांभळं झालेलं असतं, कडेनं पट्टे उमटलेले असतात आणि मंडळाचं नाव जवळ जाऊन वाचावं लागतं. मग दोष मशीनला दिला जातो, शाईला दिला जातो. बऱ्याचदा दोष दोघांचाही नसतो. हा उजेड नेमका काय असतो, तो कसा तयार करतात आणि छापताना त्याचं काय होतं, हे कळलं तर अर्धी कटकट मिटते. शिवाय स्वतःचं बॅकग्राऊंड तयार करायला अर्धा-पाऊण तासच लागतो.

प्रभावळीपासून स्प्रेपर्यंत

देवामागं उजेड दाखवायची हौस काही कॉम्प्युटरनं आणलेली नाही. देव्हाऱ्यातल्या मूर्तीमागची पितळी प्रभावळ हे त्याच तेजाचं धातूतलं रूप. छापील चित्रं घराघरांत आली तसं ते तेज कागदावर उतरलं. गोव्यात जन्मलेले रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची कॅलेंडरं ज्यांच्या घरच्या भिंतीवर होती, त्यांना देवाच्या चेहऱ्यामागचा तो मऊ, कडा नसलेला उजेड आठवत असेल. ते स्प्रे वापरत. शाईचे बारीक तुषार मध्यभागी दाट आणि बाहेर विरळ होत जात, त्यामुळं रंग कुठं संपला ते डोळ्याला सापडत नसे.

फोटोशॉपमधला 'गॅशियन ब्लर' आज नेमकं तेच काम करतो. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी केलेलं फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं, आणि पुढं साईन बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचा ब्रश बाजूला पडत गेला. फरक एवढाच, की पेंटरला उजेड कुठं थांबवायचा ते हाताला माहीत होतं. कॉम्प्युटरला ते सांगावं लागतं.

उजेड म्हणजे शेवटी अंधाराचा हिशेब

स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येकी ० ते २५५. तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. पांढऱ्याच्या पुढं काही नाही. म्हणून 'अजून ब्राईट करा' या मागणीला एका हद्दीनंतर अर्थ उरत नाही. भर दुपारी समई लावली तर ती लागली आहे की नाही हेही पटकन कळत नाही, आणि लाईट गेल्यावर तीच समई खोली भरून टाकते. समई तीच, भोवतालचा अंधार बदलला. बॅनरवरही उजेड हवा असेल तर आधी अंधार हवा. पिवळ्याधमक बॅकग्राऊंडवर पिवळा ग्लो टाकणारे नेमके इथंच फसतात.

दुसरी गोष्ट, उजेडावर उजेड पडला की तो वाढतो. रंगावर रंग चढवला की तो मळतो. म्हणून लेयर एकमेकांवर ठेवताना ब्लेंडिंग मोड 'नॉर्मल' ठेवून चालत नाही, 'स्क्रीन' लागतो. एका लेयरवर ठिपक्याचा आकडा २०० आणि दुसऱ्यावर १०० असेल, तर सरळ बेरीज ३०० होईल. पण हद्द २५५ ची असल्यामुळं तिथं नुसता सपाट पांढरा चट्टा पडेल. 'स्क्रीन' मोड दोन्हींचा उरलेला अंधार एकमेकांशी गुणतो आणि उत्तर २२२ च्या आसपास येतं. उजेड वाढतो, पण छटा शिल्लक राहते. भिंतीवर दोन टॉर्च मारल्यावर दिसतं तसं. काळ्यावर 'स्क्रीन' लावला तर काहीच बदलत नाही, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर बनवलेला उजेड कशावरही अलगद बसतो.

प्रत्यक्ष कृती

दहा फूट बाय सहा फुटांचा बॅनर धरू. फोटोशॉपमध्ये ३००० बाय ३००० पिक्सेलचा चौकोन घ्यायचा, मोड आरजीबी, ८ बिट. बॅनर आडवा असताना चौकोन का, ते पुढं येईल. कीबोर्डवर 'डी' दाबून काळा-पांढरा हे मूळ रंग आणायचे. मग फिल्टर मेनूतल्या रेंडरमधून 'क्लाऊड्स'. ऑल्ट दाबून क्लाऊड्स निवडलं तर ढग जास्त उठावदार येतात, आणि इथं तेच पाहिजे.

त्या ढगांवर पिक्सलेटमधला 'मेझोटिंट' लावायचा, प्रकार 'मीडियम स्ट्रोक्स'. चित्र खरखरीत, वाळू सांडल्यासारखं होतं. घाबरायचं कारण नाही. आता ब्लरमधला 'रेडियल ब्लर', अमाऊंट १००, पद्धत 'झूम', क्वालिटी 'बेस्ट'. वाळूचे कण मध्यातून बाहेर ओढले जातात आणि किरणं तयार होतात. तोच फिल्टर आणखी दोनदा लावला की किरणं रेशमी होतात. मेझोटिंटची खरखर नसती तर इतकी बारीक किरणं मिळालीच नसती, कारण मऊ ढग ओढले तर फक्त मऊ ढगच मिळतात.

इथं लेयरची नक्कल करायची. खालच्या लेयरला डिस्टॉर्टमधला 'ट्वर्ल' उणे ८०, वरच्याला अधिक ८०. वरच्याचा मोड 'लायटन'. दोन उलट्या दिशेचे भोवरे एकमेकांना छेदतात आणि फुलाच्या पाकळ्यांसारखी जाळी तयार होते. आकडे असेच पाहिजेत असं नाही. ५० ठेवलं तर किरणं नुसती वाकतात, २०० केलं तर पार भोवरा होतो. ट्वर्ल नेहमी चित्राच्या मध्याभोवतीच फिरतो, म्हणून चौकोन घेतला. मध्य नेमका मध्यात ठेवून सगळं तयार करायचं आणि मग तो चौकोन बॅनरवर सरकवून मूर्तीच्या मागं न्यायचा.

रंग सगळ्यात शेवटी. प्रत्येक लेयरला 'ह्यू-सॅच्युरेशन'मध्ये 'कलराईझ'वर टिक करून खालच्याला भगवा (ह्यू २५ च्या जवळपास) आणि वरच्याला पिवळा (४५) दिला की बस. कलराईझ काळ्याला काळं आणि पांढऱ्याला पांढरंच ठेवतं, त्यामुळं गाभा पांढरा, मग पिवळा, मग भगवा, मग अंधार असा उतार आपोआप येतो. निखाऱ्याचा रंगही असाच उतरतो, म्हणून डोळ्याला ते खरं वाटतं.

आता खरा ग्लो. बहुतेक जण एकदाच ब्लर मारतात आणि थांबतात, मग उजेड कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. खरा दिवा तसा दिसत नाही. त्याचा उजेड जवळ एकदम तीव्र असतो, लगेच उतरतो, पण त्याची शेपूट लांबवर मंद रेंगाळत राहते. एका गॅशियन ब्लरला अशी शेपूट नसते. म्हणून दोन्ही लेयर एकत्र करून त्याच्या तीन नकला करायच्या, चित्र १६ बिटमध्ये न्यायचं, आणि एकेका नकलेला ८, ३० आणि १०० पिक्सेलचा ब्लर देऊन तिन्ही 'स्क्रीन' मोडवर ठेवायच्या. सगळ्यात पसरट नकलेची ओपॅसिटी निम्म्यावर आणायची. १६ बिट आधी का नाही, तर मेझोटिंट ८ बिटमध्येच चालतो. उलट ब्लर मात्र १६ बिटमध्ये जास्त मऊ येतो.

फोटोशॉपचं लायसन परवडत नसेल तर गिम्प फुकट आहे आणि पुरेसं आहे. तिथं क्लाऊड्सच्या जागी 'सॉलिड नॉईज', रेडियल ब्लरच्या जागी 'झूम मोशन ब्लर' आणि ट्वर्लच्या जागी 'व्हर्ल अँड पिंच' शोधायचं. मेझोटिंटची खरखर साध्या नॉईजनं भागते. शाळा-कॉलेजच्या पोरांनी शिकायला हाच रस्ता बरा. चोरीच्या फोटोशॉपबरोबर व्हायरसही घरी येतो.

मोठा बॅनर, छोटी फाईल

'तीनशे डीपीआयमध्ये द्या' हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येतं. दहा बाय सहाचा बॅनर ३०० डीपीआयनं केला तर ३६,००० बाय २१,६०० पिक्सेल होतात. पीएसडी फाईलची एका बाजूची मर्यादाच ३०,००० पिक्सेलची आहे, त्यामुळं ती फाईल साध्या पीएसडीत सेव्हसुद्धा होणार नाही. लांबून बघायच्या बॅनरला ७२ डीपीआय पुरतं, म्हणजे ८,६४० बाय ५,१८४. आणि मागचा उजेड तर मुळातच धूसर असतो. तो चौपट वाढवला तरी फाटत नाही. ३००० चा चौकोन चौपट केला की १२,००० होतो. बॅनरच्या एका तृतीयांशावर त्याचा मध्य ठेवला तरी दुसऱ्या कडेपर्यंत पुरतो. मशीनवरचा भार मात्र सोळाव्या हिश्शावर येतो. अक्षरं आणि लोगो यांचं तसं नाही. ते कोरल ड्रॉमध्ये व्हेक्टर म्हणूनच ठेवायचे.

वाढवताना एक घोटाळा होतो, तो म्हणजे पट्टे. काळ्यापासून ४० पर्यंतचा मंद उतार अर्ध्या बॅनरवर पसरला, तर ४,३२० पिक्सेलमध्ये फक्त ४० पायऱ्या होतात. म्हणजे एकेक पायरी १०८ पिक्सेलची, छापल्यावर दीड इंचाची. तळ्यात दगड टाकल्यावर उठतात तशी वर्तुळं दिसायला लागतात. यावर जुनाच इलाज आहे : पूर्ण आकारात वाढवून झाल्यावर सगळ्या चित्रावर एक-दोन टक्के नॉईज टाकायचा. पायऱ्यांच्या कडा त्या दाण्यात विरून जातात. जवळून दाणे दिसतील, पण बॅनर जवळून बघतो कोण? वाढवण्याआधी नॉईज टाकला तर मात्र दाणेही चौपट होतात.

स्क्रीनवरचं निळं कागदावर का मरतं

स्क्रीन स्वतः उजेड फेकते. बॅनर फेकत नाही, तो त्याच्यावर पडलेला उजेड परत देतो, आणि शाई त्यातला काही खाते. छापील बॅनरवरची सगळ्यात उजळ जागा म्हणजे शाई न लागलेलं कोरं कापड किंवा फ्लेक्स. त्यापेक्षा उजळ काही होणं शक्य नाही. म्हणून छपाईसाठीच्या डिझाईनमध्ये पांढरी जागा जपून, मूठभर वापरायची. सगळीकडं उजेड केला की तो कुठंच दिसत नाही.

रंगांचं तर सरळ नुकसान आहे. निळसर (सायन), गुलाबी (मॅजेंटा), पिवळा आणि काळा या चार शाईंत स्क्रीनवरचा झगझगीत निळा बसतच नाही. तो रूपांतरात जांभळ्याकडं घसरतो, कारण सायन आणि मॅजेंटा जवळपास सारखे पडतात. निळं निळंच राहायला हवं असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी खाली ठेवायचा. पोपटी हिरव्याची कथाही तीच. या भागातल्या बॅनरवाल्यांचं नशीब असं, की सगळ्यात जास्त मागणी असलेला भगवा छपाईत फार कमी मरतो. पिवळा १०० आणि मॅजेंटा ५०-६० की काम झालं. शिवजयंतीचे बॅनर त्यामुळं सहसा चांगले उतरतात आणि निळ्या ग्लोचे वाढदिवस फसतात.

हे आधी बघायची सोय फोटोशॉपमध्येच आहे. कंट्रोल-वाय दाबलं की छापल्यावर रंग साधारण कसे दिसतील ते समोर येतं. बरेच जण हे दृश्य पाहून हिरमुसतात आणि परत बंद करून टाकतात. ते चालू ठेवून रंग सुधारणं हेच खरं काम. डिझाईन आरजीबीतच पूर्ण करायचं, कारण सीएमवायकेमध्ये काही फिल्टर चालत नाहीत आणि 'स्क्रीन' मोडचा हिशेबही बदलतो; सगळे लेयर एकत्र करून मगच रूपांतर. नुसत्या काळ्या शाईचा काळा करडा दिसतो, त्यात इतर शाई मिसळून तो दाट करावा लागतो. किती, ते ज्याच्या मशीनवर छापायचं त्याला विचारलेलं बरं, कारण जास्त झाली तर शाई वाळत नाही.

फ्लेक्सऐवजी कापड असेल तर हिशेब आणखी बदलतो. कर्नाटकात ११ मार्च २०१६ च्या अधिसूचनेनं प्लास्टिक पिशव्यांबरोबर प्लास्टिकचे बॅनर आणि फ्लेक्सवरही बंदी आली. देशभरात १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरला मनाई आहे. रस्त्यावर काय दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण कापडी बॅनर हा नियमातला मार्ग. कापडावर शाई धाग्यात थोडी पसरते आणि चमक नसते. बारीक किरणांची जाळी तिथं गढूळ होते. म्हणून कापडासाठी किरणं कमी आणि जाड, गाभा मोठा, आणि अंधार-उजेडातला फरक स्क्रीनवर जरा भडकच वाटेल इतका ठेवावा लागतो.

रात्रीच्या मिरवणुकीतल्या चित्ररथाचं गणित पुन्हा वेगळं. पाठीमागून दिवे सोडले जाणार असतील तर बॅकलिट फ्लेक्स किंवा कापड लागतं आणि शाई दाट सोडावी लागते. तिथं कोरी जागा खरोखरच उजेड देते, त्यामुळं स्क्रीनवरचं डिझाईन सगळ्यात प्रामाणिकपणे उतरतं ते ग्लो साईन बोर्डवर आणि चित्ररथावर. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ज्यांनी रात्र जागवली आहे, त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

ब चा व होतो तेव्हा

इथपर्यंत सगळं बॅकग्राऊंडचं. पण बॅनर लावतात तो वाचण्यासाठी. आणि ग्लोचा सगळ्यात मोठा बळी अक्षर आहे.

देवनागरी अक्षर रोमनपेक्षा दाट. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, आत पोकळ्या. अक्षराला 'आऊटर ग्लो' किंवा जाड पांढरा 'स्ट्रोक' दिला की आधी या पोकळ्या भरतात. 'ब' आणि 'व' मध्ये फरक आहे तो पोटातल्या एका तिरक्या रेषेचा. ती पांढऱ्या उजेडात गेली की बेळगावचं 'वेळगाव' होतं. अनुस्वार हा तर एक ठिपका. किरणांच्या जाळीत तो आणखी एक चमकता ठिपका होऊन बसतो. आणि बॅकग्राऊंडची लखलख अक्षरांच्या मागूनच जात असेल, तर एकाच शब्दाचं अर्धं अक्षर पांढऱ्यावर आणि अर्धं काळ्यावर पडतं. मग कोणताच रंग दिला तरी अर्धा शब्द बुडतो. डिझायनर स्ट्रोक आणखी जाड करतो आणि पोकळ्या आणखी भरतात.

सीमाभागात याला एक वेगळा पदर आहे, जो पुण्या-मुंबईच्या डिझायनरच्या वाट्याला सहसा येत नाही. इथं पाटीवर दोन लिप्या असतात. २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या कर्नाटकच्या भाषा कायद्यानुसार व्यावसायिक पाट्यांवर ६० टक्के भाग कन्नड आणि तोही वर असायला हवा. म्हणजे मराठी खाली, उरलेल्या जागेत. या दोन लिप्यांची शरीररचना नेमकी उलट आहे. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लोंबतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. मराठीच्या वेलांट्या-मात्रा शिरोरेषेच्या वर चढतात. वर कन्नड आणि खाली मराठी ठेवलं की एकाचं लोंबणं आणि दुसऱ्याचं चढणं मधल्या एकाच फटीत येतं.

निपाणीचंच नाव घ्या. कन्नडमध्ये ते 'निप्पाणि' असं, दोन 'प'नी लिहितात आणि दुसरा 'प' खाली लटकतो. त्याच्या खाली मराठीत 'निपाणी', दोन वेलांट्यांसह. ओळींमध्ये जागा कमी ठेवली आणि दोन्हींना ग्लो दिला, तर वरच्या 'प'चा उजेड आणि खालच्या वेलांटीचा उजेड एकमेकांत मिसळतो. 'स्क्रीन' मोडचा तोच नियम इथं उलटतो : दोन मंद उजेड मिळून एक पांढरा पट्टा होतो आणि दोन्ही भाषांतली सगळ्यात नाजूक खूण त्यात जाते. कायद्यानं मराठीला दिलेली जागा आधीच अपुरी, त्यातली वरची पट्टी आपणच उजेडात घालवतो. पाटीवर मराठी राहावी म्हणून इथल्या माणसांनी काय काय केलं, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि जिथं मराठी लिहायला कोणी अडवत नाही त्या मंडळाच्या बॅनरवर ती पिवळ्या लखलखीत बुडवायची, हे काही पटत नाही.

उपाय साधे आहेत. ओळींमधली फट अक्षराच्या उंचीच्या निम्म्याहून कमी करायची नाही. ग्लो अक्षरांना द्यायचाच नाही. तो मूर्तीमागं ठेवायचा आणि अक्षरं अंधाऱ्या भागात न्यायची. उजेडाचा मध्य एका तृतीयांशावर सरकवला होता तो यासाठीच, दुसरी बाजू अक्षरांसाठी मोकळी राहते. तिथंही किरणं पोचत असतील तर अक्षरांखाली काळा लेयर 'मल्टिप्लाय' मोडवर टाकून, त्याच्या कडा भरपूर ब्लर करून भाग दडपायचा. बघणाऱ्याला तो दिसत नाही, पण नाव वर येतं. अक्षर उठवायला सावली पुरते, बारीक आणि गडद. आणि फॉन्ट निवडताना पोकळ्या मोठ्या असलेला; जाडजूड, वळणदार फॉन्ट मोबाईलवर शोभतो, चौकात नाही.

पाट्यांच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब वापरतात, दहा फुटांवरून नीट वाचायचं तर अक्षर एक इंच. पन्नास फुटांवरच्या माणसासाठी पाच इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून खाली मोजायची, मात्रांची उंची वेगळी धरायची.

फाईल नाका ओलांडते तेव्हा

निपाणीत डिझाईन आणि कोल्हापुरात छपाई, किंवा चंदगडचं काम बेळगावात, असं असेल तर शेवटचा घोटाळा फॉन्टचा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर, समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन उघडतो. युनिकोड फॉन्टमध्ये हे होत नाही, पण फोटोशॉपची सेटिंग भारतीय लिप्यांसाठी नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते; 'निपाणी'चं 'नपिाणी' होतं. प्रेफरन्सेसमधल्या 'टाईप' विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचा किंवा 'वर्ल्ड-रेडी' पर्याय निवडून प्रोग्रॅम परत सुरू केला की हे थांबतं. कन्नड ओत्तक्षरंही त्याच सेटिंगनं जागेवर येतात.

पाठवण्याआधी कोरलमध्ये सगळी अक्षरं कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करायची, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता आकार होतं आणि कुठंही तसंच उघडतं. कर्व्ह न केलेली एक प्रत स्वतःकडं ठेवायची, नाहीतर ऐनवेळी एखाद्या देणगीदाराचं नाव घालायचं निघालं की रात्र जाते. आणि फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. फोटो म्हणून गेली तर ती दाबून लहान होते आणि इतक्या कष्टानं टाकलेला नॉईज निघून जाऊन पट्टे परत येतात.

मंजुरीसाठी कार्यकर्त्यांच्या मोबाईलवर गेलेलं चित्र सगळ्यांना चांगलंच दिसतं, कारण मोबाईल स्वतः उजेड देतो आणि नावं त्यांना पाठ असतात. त्यापेक्षा एक फुटाचा तुकडा छापून घ्यावा, ज्यात उजेडाची कड आणि एखादं जोडाक्षर दोन्ही येईल. तो रस्त्याच्या पलीकडं, संध्याकाळी, खांबावरच्या दिव्याखाली धरावा. वाचायला मंडळातला माणूस नको. मराठी ओळ त्या गावचं नसलेल्या पाहुण्याकडून आणि कन्नड ओळ शेजारच्या कन्नड दुकानदाराकडून वाचून घ्यावी, आणि दोघंही जिथं अडखळले तिथं खूण करून फाईल परत उघडावी.